कोडं अडलं की लगेच व्हिडिओ उघडू नका: ‘सायलेंट हिल २’ पहिल्या फेरीत नीट कसा खेळावा

‘सायलेंट हिल २’ या भीतीच्या गेमचा रीमेक, म्हणजे नव्याने बनवलेली आवृत्ती, ऑक्टोबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ (पीएस५) आणि पीसीवर आला. तेव्हापासून मराठी खेळाडूंच्या दोन तक्रारी सतत ऐकू येतात. ‘कोडी फार किचकट आहेत’ ही पहिली आणि ‘शेवट झाला, पण गोष्ट कळलीच नाही’ ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच आहे. या प्रकारच्या गेममध्ये कोडं म्हणजे गोष्टीच्या वाटेत आलेला अडथळा नसतो. गोष्ट कोड्यातूनच सांगितलेली असते. उत्तर व्हिडिओतून उचललं की दार उघडतं, पण त्या दारामागे काय दडवलं होतं आणि का, हे हातातून निसटतं.

म्हणून इथे कुठल्याही कोड्याचं उत्तर दिलेलं नाही, फक्त खेळण्याची पद्धत दिली आहे. उदाहरणं याच गेमची आहेत, पण पद्धत ‘सिग्नॅलिस’, ‘ॲम्नेशिया’ किंवा ‘ॲलन वेक २’ अशा भीतीच्या इतर गेमनाही चालते. कथेचा सुरुवातीचा धागा तेवढा सांगितला आहे: जेम्स सदरलँडला तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला धुक्यातल्या गावात येतो. त्यापुढचं काही इथे फोडलेलं नाही.

टप्पा १: मशीन आणि डाउनलोड

पीसीवर किमान १६ जीबी रॅम आणि ५० जीबी मोकळी जागा लागते. शक्यतो एसएसडीवरच टाका. घरचं कनेक्शन ५० एमबीपीएस असेल, तर ५० जीबी उतरायला पूर्ण वेग मिळूनही सव्वादोन तास लागतात आणि संध्याकाळी सगळी बिल्डिंग नेटवर असताना त्याहून जास्त. तेव्हा डाउनलोड सकाळी कामावर निघताना लावून जा.

पीसीवर गेम पहिल्यांदा उघडला की शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवण्याच्या सूचना) तयार होत असल्याची पट्टी दिसते. ती पूर्ण होऊ द्या. मध्येच बंद करून पुन्हा उघडणारे नंतर ‘गेम अडखळतो’ म्हणतात. तरीही अडखळत असेल, तर फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० किंवा ३० वर बांधून ठेवा. भीतीच्या गेममध्ये कमी पण स्थिर फ्रेम चालतात, वर-खाली होणाऱ्या चालत नाहीत. पीएस५ वर क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे दोन पर्याय आहेत. पहिल्यांदा खेळताना परफॉर्मन्स घ्या, कारण अंगावर येणाऱ्या जिवाला चुकवायला वेळेवर हालचाल लागते.

साधा लॅपटॉप असेल, तर हट्टाने हा गेम त्यावर चालवू नका. ‘सिग्नॅलिस’ हा २०२२ चा गेम खूप हलका आहे आणि कोड्यांच्या बाबतीत तेवढाच कसदार आहे. त्यात मूळ सेटिंगमध्ये एका वेळी फक्त सहा वस्तू जवळ ठेवता येतात, त्यामुळे नियोजनाची सवय तिथेच लागते.

सावधान: जून ते सप्टेंबर या दिवसांत वीज क्षणभर जाऊन येणं मुंबईतही घडतं. सेव्हची खूण पडद्यावर असताना वीज गेली, तर फाइल खराब होऊ शकते. लॅमिंग्टन रोडवर छोटा यूपीएस सहज मिळतो. पुढे खेळत राहणं हे त्याचं काम नाही. मशीन नीट बंद करायला मिळणाऱ्या दोन-चार मिनिटांसाठी तो घ्यायचा.

टप्पा २: खोली, पडदा, कान

वन रूम किचनमध्ये हा गेम खेळायचा तर वेळ ठरवावीच लागते. कुकरच्या शिट्ट्या, गॅलरीतली ये-जा आणि टीव्हीवरची मालिका चालू असताना ‘सायलेंट हिल २’ नुसता कंटाळवाणा वाटतो. जेवणं होऊन भांडी घासून झाली की, साधारण साडेदहानंतर बसा. दीड तासाच्या वर बसू नका. मुख्य कथा साधारण पंधरा तासांची आहे, म्हणजे अशा दहा बैठका. सकाळी सात-चाळीसची लोकल पकडणाऱ्यालाही हे दोन-तीन आठवड्यांत सहज जमतं. सलग सहा तास बसलात तर डोकं बधिर होतं. भीतीही जाते आणि कोडीही सुटत नाहीत.

ब्राइटनेस ठरवण्याचा पडदा गेमच्या सुरुवातीला येतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक ट्यूबलाइट चालू ठेवून, दुपारी, ‘स्वच्छ दिसलं पाहिजे’ म्हणून आकडा वर नेतात. मग धुकं दुधासारखं पांढरं दिसतं आणि काळोखाचा राखाडी चिखल होतो. क्रम असा ठेवा:

१. ज्या वेळी आणि ज्या उजेडात खेळणार त्याच उजेडात बसा. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडत असेल, तर खिडकीवर जाड चादर लावा.
२. टीव्हीवर आधी गेम मोड लावा. इको मोड आणि खोलीतल्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा.
३. त्यानंतरच गेममधला आकडा हलवा. जी आकृती ‘जेमतेम दिसावी’ असं सांगितलं आहे, ती खरोखरच जेमतेम दिसली पाहिजे.

हेडफोन हवेतच. शेजारी झोपलेले असतात हे एक कारण आहे. दुसरं त्याहून मोठं: या गेममध्ये धोका आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. सुरुवातीलाच जेम्सला एक रेडिओ मिळतो आणि काही जवळ आलं की तो खरखरतो. पीएस५ ला साधे ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाहीत, पण कंट्रोलरच्या ३.५ एमएम जॅकमध्ये कुठलाही तारेचा हेडफोन लावला तरी थ्रीडी आवाज मिळतो. आवाज इतकाच ठेवा की जेम्सची पावलं स्पष्ट ऐकू येतील. मोठा आवाज ठेवला की दचकायला होतं आणि दुसऱ्या दिवशी कान दुखतात, बाकी काही वाढत नाही.

तपासा: हेडफोन लावून डोळे मिटा. खोली, पंखा आणि बाहेरून जाणारी गाडी यांतलं काय ऐकू येतंय? पंखा ऐकू येत असेल तर हेडफोन कानावर नीट बसलेला नाही. गेममधले काही आवाज पंख्याइतकेच हलके आहेत.

टप्पा ३: सुरुवातीची निवड

इथे मारामारीची काठिण्यपातळी आणि कोड्यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडायची असते. दोन्हींना लाइट, स्टँडर्ड आणि हार्ड असे तीन पर्याय आहेत. मारामारीची पातळी खेळता खेळता बदलता येते. कोड्यांची बदलता येत नाही, ती शेवटपर्यंत तशीच राहते. लोक घाईत दोन्हींना ‘हार्ड’ करतात आणि तिसऱ्या दिवशी अडकतात.

पहिल्या फेरीसाठी आमचा सल्ला: मारामारी लाइट किंवा स्टँडर्ड, कोडी स्टँडर्ड. लाइटमध्ये गेमभर सापडणाऱ्या चिठ्ठ्या इतक्या सरळ बोलतात की कोड्यामागचा माणूस दिसेनासा होतो. हार्डमध्ये इंग्रजी कवितेचा अर्थ लावण्यातच रात्र जाते.

सबटायटल्स चालू करा आणि अक्षरं मोठी ठेवा. मराठी सबटायटल्स नाहीत, हे गृहीत धरूनच पुढचा टप्पा ठरवला आहे.

सावधान: हा गेम प्रौढांसाठीच आहे. जीवघेणं आजारपण, आत्महत्या आणि घरातला अत्याचार हे त्याचे विषय आहेत आणि ते वरवर येत नाहीत. घरात लहान मूल जागं असेल तर सुरू करू नका. यातलं काही तुमच्या स्वतःच्या आयुष्याजवळचं असेल, तर एकट्याने, रात्री, पहिल्यांदा खेळू नका. मन जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

टप्पा ४: वही

फोन नको, शंभर पानी वही घ्या. फोन हातात घेतला की शोधायचा मोह होतो. डाव्या पानावर जागा लिहा: इमारत, मजला, खोली क्रमांक. उजव्या पानावर त्या जागी मिळालेली माहिती: नावं, तारखा, आकडे, रंग, चिन्हं. चिन्ह शब्दांत लिहू नका, चित्र काढा. ‘साप’ असं लिहिलंत तर तो कुठे तोंड करून होता, हे नंतर आठवत नाही आणि कधी कधी उत्तर नेमकं त्यातच असतं.

मोठी चिठ्ठी असेल तर पडद्याचा फोटो गेममधूनच घ्या. पीएस५ वर क्रिएट बटण आहे, स्टीमवर एफ१२. पण अर्थ वहीत मराठीत उतरवा आणि उतरवताना अडलेला इंग्रजी शब्द जसाच्या तसा शेजारी ठेवा. इंग्रजी कोड्यांचा अर्धा खेळ दुहेरी अर्थाच्या शब्दांवर चालतो आणि भाषांतर करताना आपण त्यातला एकच अर्थ उचलतो. नेहमी फसवणारे शब्द हे:

- हँड: हात, आणि घड्याळाचा काटा.
- फेस: चेहरा, आणि घड्याळाची तबकडी.
- की: किल्ली, आणि पियानोची पट्टी.
- स्केल: तराजू, माशाचा खवला, आणि सुरांची चढण.
- चेस्ट: पेटी, आणि छाती.

चिठ्ठीत ‘हात’ वाचून मृतदेहाचे हात शोधत फिरण्यात लोकांचा तास तास गेला आहे. ज्या खोलीत चिठ्ठी मिळाली, तिथे घड्याळ आहे का हे आधी पाहायचं.

टप्पा ५: नव्या इमारतीत शिरल्यावर

क्रम चुकला की सगळं किचकट वाटतं. अपार्टमेंट असो वा हॉस्पिटल, रीत हीच.

१. आधी नकाशा मिळवा. तो बहुधा दाराजवळच्या भिंतीवर किंवा टेबलावर असतो. नकाशाशिवाय दुसऱ्या मजल्यावर जाऊ नका.
२. मजल्यावरच्या प्रत्येक दाराला हात लावा, बंद वाटलं तरी. जेम्स स्वतः नकाशावर लाल खुणा करत जातो: कुठलं दार अडकलंय, कुठलं उघडं आहे, कुठे प्रश्न बाकी आहे. हात लावला नाही तर खूण होत नाही आणि मग ते दार तुमच्यासाठी नसल्यासारखंच होतं.
३. खोलीत शिरल्यावर डावी भिंत धरून एक पूर्ण फेरी मारा. मधोमध धावलात तर कोपऱ्यातलं टेबल हमखास राहतं.
४. तडे गेलेल्या भिंती आणि फुटण्याजोग्या काचा फोडून पाहा. रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचाही. गोळ्या आणि औषधं तिथेच असतात.
५. एवढं झाल्यावरच कोड्यापुढे उभे राहा.

पाचवा मुद्दा पहिल्यांदा करणारे सगळ्यात जास्त आहेत. समोर कुलूप दिसलं की ते तिथेच ठाण मांडतात, पण लागणारी वस्तू अजून वरच्या मजल्यावर पडलेली असते. ‘सुटत नाही’ म्हटलेल्या कोड्यांपैकी बरीचशी सुटण्याच्या अवस्थेत आलेलीच नसतात.

तपासा: या मजल्यावर हात न लावलेलं एकही दार नाही ना? असेल तर कोडं सोडा आणि आधी तिकडे जा.

टप्पा ६: कोडं कसं सोडवायचं

उत्तर न फोडता पद्धत दाखवायची म्हणून एक कोडं इथे मुद्दाम रचलं आहे. ते गेममध्ये नाही, पण घाट तोच आहे.

एका घराच्या बैठकीत डावीकडून उजवीकडे चार तसबिरी आहेत: आजी, बाबा, आई, मुलगी. उलटून पाहिलं तर मागे अनुक्रमे ७, २, ४, ९ हे आकडे. कपाटाला तीन चकत्यांचं कुलूप. कपाटावर चिठ्ठी:

‘लहानीच्या खोलीतला दिवा आधी विझला. मग थोरलीच्या. आई उशाशी बसून राहिली, तिचा दिवा पहाटे विझला. बाबांची खोली मी मोजत नाही.’

पहिला प्रश्न कुलुपाला विचारायचा, चिठ्ठीला नाही: तुला किती गोष्टी हव्यात? चकत्या तीन, तसबिरी चार. म्हणजे एक गळणार. घाई करणारा इथेच डावीकडून ७-२-४ लावतो आणि कुलूप बिघडलंय असं ठरवतो.

दुसरा प्रश्न: क्रम कुठून येतो? भिंतीवरच्या रांगेतून की चिठ्ठीतून? चिठ्ठीत ‘आधी’, ‘मग’, ‘पहाटे’ हे शब्द आहेत. वेळ सांगणारा शब्द दिसला की क्रम चिठ्ठीचा धरायचा आणि जागेचा सोडून द्यायचा.

तिसरा: कोण गळतं? शेवटची ओळ सरळ सांगते. उरल्या लहानी (मुलगी), थोरली (आजी), आई. म्हणजे ९-७-४.

आता चौथा प्रश्न, जो उत्तर मिळाल्यावर कुणी विचारत नाही: लिहिणाऱ्याला बाबांची खोली का मोजायची नाही? आई उशाशी कुणाच्या बसली होती? कपाट उघडलं, किल्ली मिळाली, पण गोष्ट या ओळीत आहे. ती वहीत उतरवा आणि खाली रेघ मारा. तीन तासांनी दुसऱ्या एखाद्या खोलीत बाबांचा बूट सापडेल, तेव्हा ही ओळ आठवायला हवी. नुसतं ‘९७४’ लिहून पुढे गेलेल्याला तो बूट फक्त एक बूट दिसतो.

अंदाजाने आकडे फिरवण्याबद्दल थोडा हिशेब. तीन चकत्यांच्या कुलुपाच्या १,००० शक्यता असतात, तो मार्ग सोडाच. पण तीन वेगवेगळे आकडे नक्की माहीत असतील आणि फक्त क्रम अडला असेल, तर शक्यता सहाच. सहा वेळा फिरवून पाहणं गैर नाही. चार आकड्यांच्या मात्र २४ होतात. तिथे पुन्हा चिठ्ठीकडे वळणंच बरं.

वस्तू हातात आली की ती उलटून पाहा. नाणं, पेटी, फोटो यांची मागची बाजू न पाहता लोक पुढे जातात. आणि एकदा वापरलेलं कोडं संपलं असं धरू नका. काही कोडी टप्प्याटप्प्याने उघडतात आणि त्याच मेजाशी दोन-तीनदा परत यावं लागतं.

टप्पा ७: तरीही अडलं तर

व्हिडिओच्या आधी या पायऱ्या आहेत. चिठ्ठी मोठ्याने वाचा. डोळ्यांनी गाळलेला शब्द तोंडाने वाचताना सापडतो. नकाशावरच्या उरलेल्या प्रश्नचिन्हांवर बोट ठेवा. मग उठा, पाणी प्या, वीस मिनिटं गेमपासून लांब राहा. त्यानंतर कोडं घरातल्या कुणाला मराठीत समजावून सांगा. समोरच्याने काही सुचवलं नाही तरी सांगता सांगता ‘अरे, मग हे तर…’ असं स्वतःलाच सुचतं. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या सुटलेल्या कोड्यांची संख्या कमी नाही.

एवढ्यावरही नाही सुटलं, तर गेम पूर्ण केलेल्या मित्राला एकच प्रश्न विचारा: ‘मला लागणारं सगळं माझ्याजवळ आहे का?’ हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्या. उरलेलं जवळजवळ नेहमी आपल्याला जमतं.

सावधान: शोधावंच लागलं तर फक्त त्या खोलीचं नाव टाका आणि लेख वाचा, व्हिडिओ नको. व्हिडिओच्या शेजारी दिसणाऱ्या चित्रांतच या गेमचा शेवट फुटतो.

टप्पा ८: जीव वाचवणं

यात बारकावे थोडेच आहेत. रेडिओ खरखरला आणि समोर कुणी नसेल, तर कोपऱ्यात किंवा टेबलामागे कुणीतरी निश्चल उभं आहे असं समजा. पुतळ्यासारखे जीव तसेच थांबतात आणि पाठ फिरली की येतात. इमारतीच्या आत एकेकाला निपटा, कारण त्याच वाटेने पुन्हा यायचं आहे. बाहेर धुक्यात मात्र वळसा घालून निघून जा, प्रत्येकाशी भिडलात तर गोळ्या संपतात. पायावर एक गोळी, मग फळीचे घाव, पडल्यावर पायाने चिरडणं: गोळ्या वाचवणारा क्रम हाच. पडला म्हणजे मेला असं नाही. रेडिओ शांत झाला का, ते ऐका.

सेव्ह करण्याच्या जागा लाल रंगाने ओळखता येतात. दरवेळी एकाच फाइलवर सेव्ह न करता तीन-चार फाइली फिरत्या ठेवा.

टप्पा ९: शेवट आणि दुसरी फेरी

पहिल्या फेरीत तीन शेवटांपैकी एक मिळतो आणि तो शेवटच्या दाराशी ठरत नाही. जखमी अवस्थेत किती वेळ फिरलात, कुठल्या वस्तू पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्या, सोबतच्या माणसाची किती काळजी घेतली, हे गेम पहिल्यापासून मोजत असतो. त्यामुळे ‘औषधं वाचवू’ म्हणून तासभर लंगडत फिरणाऱ्याला हा हिशेब माहीतच नसतो आणि हाती आलेला शेवट त्याला अनपेक्षित वाटतो. पहिल्या फेरीत ठरावीक शेवटासाठी वागू नका. लागेल तेव्हा औषध घ्या आणि वाटेल तेव्हा पत्र उघडा.

एकूण शेवट आठ आहेत. उरलेले पाच गेम एकदा पूर्ण झाल्यावर नव्या फेरीत, खास वस्तू गोळा करून मिळतात. ती फेरी सुरू करण्याआधी वही पहिल्या पानापासून वाचा आणि रेघ मारलेल्या ओळी वेगळ्या पानावर उतरवा. कोड्यांची पातळी या वेळी हार्ड ठेवा. चिठ्ठ्यांचे शब्द बदललेले असतील, पण त्या कोण लिहितंय हे आता तुम्हाला माहीत असेल.